रात्री तिला घरी कोण आणायचं?

(किशोरी गटांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



'मुली आणि खेळ' या विषयावर बोल, असं मला संयोजकांनी सांगितलं, तेव्हा मी जरा बिचकलेच. मी काही खेळाडू नाही. शाळेत लंगडी, खो-खो खेळले, सातवीनंतर तेही सुटलं. का सुटलं ते तुम्हांला सांगायला नको. इथे बसलेल्या निम्म्याहून अधिक जणींचं तसंच झालं असणार. म्हणून आज मी एका मुलीने मला विचारलेल्या प्रश्नाबद्दल बोलणार आहे. तो प्रश्न ज्या खेळाडूवरून निघाला, ती कोरियाची किम युना. तिच्या साऱ्या कारकिर्दीकडे त्या प्रश्नाच्या उजेडात बघू या.

झालं असं, की आमच्या वस्तीतल्या किशोरी गटात मी मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. निळा पोशाख घातलेली एकोणीस वर्षांची मुलगी बर्फावर, पायाला पाती लावलेले बूट घालून, हवेत तीन-तीन फेरे घेत होती. हे २०१० सालचं कॅनडातल्या व्हँकुव्हरचं हिवाळी ऑलिंपिक. मुली श्वास रोखून बघत होत्या. संपल्यावर मी नेहमीची टेप लावली, "बघा, ही लहानपणी रात्री उशिरापर्यंत सराव करायची. जिद्द असली की मुलीला काहीही अशक्य नाही." तेव्हा नववीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, रात्री तिला घरी कोण आणायचं?"

मी म्हटलं, "तिची आई."

"मग तिची आई कामाला जात नव्हती?"

या मुलीची आई चार घरची धुणीभांडी करते. संध्याकाळचा स्वयंपाक आणि धाकट्या भावाचा अभ्यास हिच्याकडे असतो. मला पटकन उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर मी युनाबद्दल पुन्हा वाचायला बसले. आधीही वाचलं होतं, पण ते पदकं मोजत. या वेळी प्रश्न समोर ठेवून वाचलं.

अगदी जन्मापासून सुरुवात करू. युनाचा जन्म ५ सप्टेंबर १९९० चा, सोल शहराजवळच्या बुचॉनमधला. घरातली ही दुसरी मुलगी. आता १९९० हे साल कोरियात कसलं होतं? त्यांच्या पंचांगाप्रमाणे ते पांढऱ्या घोड्याचं वर्ष. या वर्षी जन्मलेली मुलगी हट्टी निघते, नवऱ्याला जड जाते, असा समज. आपल्याकडे मंगळ असलेल्या मुलीबद्दल जे बोललं जातं, त्याच जातीचा. त्या वर्षी कोरियात दर १०० मुलींमागे ११६.५ मुलगे जन्मले. निसर्गतः हा आकडा १०५ च्या आसपास असतो. उरलेल्या मुली कुठे गेल्या, हे गर्भलिंगतपासणीविरुद्ध काम केलेल्या आपल्यासारख्यांना सांगायची गरज नाही. कोरियाने १९८७ मध्येच गर्भाचं लिंग सांगायला बंदी केली होती. महाराष्ट्राने भारतातला पहिला तसा कायदा केला तो १९८८ मध्ये. कायदा कागदावर आणि तपासणी दवाखान्यात, हा अनुभव दोन्हीकडचा. अशा वर्षी एका घरात दुसरी मुलगी जन्मली, ती वाढवली गेली आणि तिच्यावर पैसा खर्च केला गेला, ही गोष्ट कुठल्याही पदकाच्या आधी नोंदवायला हवी.

पाच-सहा वर्षांची असताना ती ग्वाचॉनच्या रिंकवर जायला लागली. रिंक म्हणजे बर्फाचं बंदिस्त मैदान. तिथल्या र्यू जोंग-ह्यून या प्रशिक्षकांनी आईला सांगितलं, की या मुलीत काही वेगळं आहे. इथून आईची, पार्क मी-ही यांची, नोकरी सुरू झाली. पगार नसलेली, सुटी नसलेली नोकरी. मुलीला न्यायचं-आणायचं, सराव चालू असताना कडेला थंडीत उभं राहायचं, खाणं बघायचं, दुखणं बघायचं. त्यांनी फिगर स्केटिंगचा स्वतः अभ्यास केला, म्हणजे मुलीचं कुठे चुकतं ते कळावं. त्या काळी कोरियात फिगर स्केटिंगसाठी वेगळं रिंक नव्हतं. लोकांची करमणूक, हॉकीवाले, शर्यतवाले यांच्यातून उरेल तेवढा बर्फ यांचा. म्हणून सराव बहुधा रात्री. सोलमधल्या लॉटे वर्ल्ड या करमणूक केंद्राचं रिंक लोकांसाठी बंद झालं, की ही मुलगी तिथे उतरायची.

वडिलांचा छोटा धंदा होता. १९९७ च्या अखेरीस कोरियावर मोठं आर्थिक संकट आलं, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावा लागला, छोटे धंदे कोलमडले. या घरालाही झळ बसली. तरी बूट, पाती, प्रशिक्षक, परदेशच्या स्पर्धा हा खर्च चालूच होता. पुरस्कर्ते आणि जाहिराती आल्या त्या पुढे, मुलगी जिंकायला लागल्यावर. त्याआधीची दहा वर्षं घराने ओढली. घरात थोरली बहीणही होती. आई धाकटीबरोबर रिंकवर असताना थोरलीचं काय चाललं होतं, हे युनाच्या गौरवकथांमध्ये सहसा येत नाही.

आणि इतकं सगळं चालवणारी ही बाई कागदोपत्री कोण होती? कोरियात 'होजू' नावाची पद्धत होती. घराचा नोंदणीकृत प्रमुख पुरुष. बाई आधी बापाच्या, मग नवऱ्याच्या, नवरा गेला तर मुलाच्या नावाखाली. कोरियातल्या पहिल्या महिला वकील ली ताय-यंग आणि त्यांच्याबरोबरच्या स्त्री-संघटना याविरुद्ध कित्येक दशकं लढल्या. ली ताय-यंग यांना १९७५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता. १९९८ मध्ये त्या वारल्या. ही पद्धत मोडल्याचं बघायला त्या नव्हत्या. २००५ मध्ये न्यायालयाने आणि संसदेने ती मोडीत काढली आणि १ जानेवारी २००८ पासून ती प्रत्यक्षात गेली. म्हणजे मुलगी जगात तिसरी आली तेव्हाही ही आई कागदावर कुटुंबप्रमुखाखालची एक नोंद होती.

आता खेळाकडे येऊ. २००३ मध्ये, बाराव्या वर्षी, युना कोरियाची राष्ट्रीय विजेती झाली. २००५ च्या जागतिक कनिष्ठ गटाच्या स्पर्धेत ती दुसरी आली. पहिली आली जपानची माओ असादा. २००६ मध्ये युनाने असादाला मागे टाकून ते विजेतेपद मिळवलं. तिथवर पोचलेली ती पहिली कोरियन. पण त्याच सुमाराला ती खेळ सोडायच्या विचारात होती. कारण काय, तर बूट. तिच्या पायाला नीट बसणारे बूट मिळत नव्हते, नवी जोडी थोड्याच दिवसांत ढिली पडायची. पाय दुखायचे, पैसे जायचे. आपल्या गटातल्या मुली सँडल घालून धावतात, त्यांना हे सांगितलं की लगेच कळतं.

मोठ्या गटात आल्यावर २००७ च्या टोकियोच्या जागतिक स्पर्धेत तिने पहिल्या फेरीत ७१.९५ गुणांचा विक्रम केला आणि दुसऱ्या फेरीत दोनदा पडली. कंबर आधीच दुखावलेली. ब्राँझपदक मिळालं. २००८ लाही ब्राँझच, तेव्हा खुबा दुखत होता. त्या वेळी ती सतरा वर्षांची होती. बर्फावर जे पाखरासारखं हलकं दिसतं, त्यात उडीनंतर सगळा भार एका पायावर येतो, आणि हे दिवसातून किती वेळा. 'नाजूक', 'परी' ही विशेषणं वाचताना या कष्टाळू शरीराची आठवण ठेवायला हवी.

मधल्या काळात, २००७ पासून, ती टोरांटोला ब्रायन ऑर्सर या प्रशिक्षकांकडे शिकायला राहिली. आई बरोबर होतीच. नृत्यरचना डेव्हिड विल्सन करायचे. घुमी, गंभीर मुलगी तिथे मोकळी झाली, असं तिला बघणारे सांगतात. २००९ मध्ये लॉस एंजलिसला ती जगज्जेती झाली, एकूण गुण २०७.७१. नव्या गुणपद्धतीत दोनशेचा टप्पा ओलांडणारी ती पहिली स्त्री. आणि मग २०१० चं व्हँकुव्हर. पहिली फेरी २ मिनिटं ५० सेकंदांची, ७८.५० गुण. दुसरी चार मिनिटांची, १५०.०६. एकूण २२८.५६, जागतिक विक्रम. फिगर स्केटिंगमधलं कोरियाचं पहिलं ऑलिंपिक पदक, आणि तेही सोन्याचं. चौदा वर्षांच्या कामाचा निकाल सात मिनिटांपेक्षा कमी वेळात लागला.

त्या दिवसापासून ती कोरियाची झाली. तशी ती आधीपासूनच 'राष्ट्राची धाकटी बहीण' होती, हे वृत्तपत्रांनी लावलेलं बिरुद. आता 'राणी युना'ही झाली. ऐकायला गोड वाटतं. पण धाकट्या बहिणीने थकायचं नसतं, उलट बोलायचं नसतं, घराची मान खाली जाऊ द्यायची नसते, हे आपण जाणतो. जपानने १९१० ते १९४५ कोरियावर राज्य केलं. त्या जखमेचा सगळा ताण माध्यमांनी युना आणि माओ असादा या दोन मुलींच्या अंगावर टाकला. असादाचा जन्मही सप्टेंबर १९९० चाच, युनापेक्षा वीस दिवसांनी लहान. व्हँकुव्हरला असादाने साडेतीन फेऱ्यांची अवघड उडी तीनदा मारली आणि रौप्य मिळवलं. एका स्त्रीने एका स्पर्धेत तीनदा ती उडी मारणं हाही विक्रमच होता. पण तिच्या देशात तिचं मोजमाप 'कोरियनकडून हरली' असंच झालं. दोन देशांचं भांडण बायकांच्या शरीरावर खेळलं जातं, याची ही सौम्य आवृत्ती म्हणा.

सुवर्णपदकानंतर काय? महिन्याभरातच ती जागतिक स्पर्धेत उतरली आणि दुसरी आली. ऑर्सर यांच्याशी संबंध तुटले, त्याची जाहीर उणीदुणी निघाली. २०११ मध्ये मॉस्कोला तिने कोरियन लोकसंगीतावर रचना सादर केली, पुन्हा रौप्य. मग ती थांबली. वीस वर्षांच्या मुलीने 'पुढे काय ते मला ठरवू द्या' म्हणून थांबणं हे सोपं नव्हतं.

आणि २०१२ च्या जुलैमध्ये ती परतली. मला तिच्या कारकिर्दीतला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. आता मिळवायचं काही राहिलं नव्हतं. तिने परदेशी प्रशिक्षक घेतले नाहीत. लहानपणीच्या शिन हे-सुक आणि र्यू जोंग-ह्यून यांच्याकडे, कोरियातच, धाकट्या मुलींबरोबर सराव केला. त्या मुलींना ऑलिंपिकला नेता यावं हे तिने उघड बोलून दाखवलं होतं. त्याचा नियम असा. एखाद्या देशाची एकच खेळाडू जागतिक स्पर्धेत उतरली आणि ती पहिल्या दोनांत आली, तर त्या देशाला ऑलिंपिकमध्ये तीन जागा मिळतात. मार्च २०१३ मध्ये कॅनडातल्या लंडन शहरी युना एकटी उतरली, २१८.३१ गुण मिळवून पहिली आली. त्यामुळे २०१४ च्या सोचीला तिच्याबरोबर किम हे-जिन आणि पार्क सो-यॉन या दोन शाळकरी मुली गेल्या.

सोचीची गोष्ट तुमच्यातल्या काहींनी ऐकली असेल. पहिल्या फेरीअखेर युना ७४.९२ गुणांनी पुढे होती, रशियाची अडेलिना सोत्निकोवा अवघ्या ०.२८ ने मागे. दुसऱ्या फेरीत युनाकडून चूक झाली नाही. तरी एकूण २१९.११ आणि २२४.५९ अशी सोत्निकोवा जिंकली. यावर जगभर वाद पेटला. परीक्षकांमध्ये रशियन स्केटिंग संघटनेच्या वरिष्ठ पदाधिकाऱ्याच्या पत्नी होत्या, आणि आधीच्या एका प्रकरणात वर्षभर निलंबित झालेले एक गृहस्थही होते, हे वृत्तपत्रांत आलं. लाखो लोकांनी निषेधपत्रावर सह्या केल्या. कोरियाच्या ऑलिंपिक समितीची तक्रार आंतरराष्ट्रीय संघटनेने फेटाळली. गैरप्रकार सिद्ध झाला नाही, आणि मी तसा आरोप करत नाही. सोत्निकोवाही तेव्हा सतरा वर्षांची मुलगी होती, तिने तिचं काम केलं.

माझा मुद्दा वेगळा आहे. त्या वेळी कोणत्या परीक्षकाने कुणाला किती गुण दिले, हे गुप्त ठेवलं जायचं. गुणपत्रकावर आकडे, पण आकड्यांना नाव नाही. मुलीने सगळ्या जगासमोर उभं राहायचं आणि तिला तोलणाऱ्यांनी पडद्यामागे! मुलगी पाहायच्या कार्यक्रमात बसलेल्या प्रत्येकीला हे ओळखीचं वाटेल. २०१६ मध्ये ही गुप्तता रद्द झाली. आज कोणी किती गुण दिले ते नावानिशी दिसतं. नियम बदलता येतात, ते असे. युना स्वतः त्या रात्री निकालावर भांडली नाही. आपलं काम नीट झालं आणि ते संपलं याचं समाधान तिने बोलून दाखवलं आणि निवृत्त झाली. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ती कधीही पहिल्या तिघींच्या बाहेर गेली नाही. तिच्या शांतपणाचं खूप कौतुक झालं. ते योग्यच आहे. फक्त हा शांतपणा आपल्या मुलींना धडा म्हणून शिकवू नका. ती गप्प राहू शकली, कारण तिच्या वतीने बोलणारे लाखो होते. आपल्या मुलींच्या वतीने बोलायला कोणी नसतं.

२०१८ मध्ये प्याँगचांगला हिवाळी ऑलिंपिक भरलं तेव्हा ज्योत युनाने पेटवली. तिच्या हाती मशाल दिली ती उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या संयुक्त महिला हॉकी संघातल्या दोघींनी. ते चित्र सुंदर होतं. पण पुढच्याच वर्षी त्याच देशात बर्फावरच्या शर्यतीतली एक ऑलिंपिक सुवर्णविजेती पुढे आली आणि म्हणाली, की प्रशिक्षकाने अल्पवयापासून माझ्यावर लैंगिक अत्याचार केले. तिने स्वतःचं नाव लपवलं नाही. मी मात्र आपल्या शिरस्त्याप्रमाणे ते इथे घेत नाही. प्रशिक्षकाला २०२१ मध्ये आधी साडेदहा आणि अपिलात तेरा वर्षांची शिक्षा झाली. तिच्या बोलण्यानंतर तिथल्या मानवाधिकार आयोगाला खेळातल्या अत्याचारांसाठी खास तपास पथक नेमावं लागलं. पदक मिळवून देणाऱ्या मुलीसुद्धा सुरक्षित नव्हत्या. एक युना झाली म्हणून व्यवस्था सुधारली, असं होत नाही. आपल्याकडच्या कुस्तीगीर मुली २०२३ मध्ये दिल्लीच्या रस्त्यावर बसल्या, तेव्हा आपण तेच पाहिलं.

मग युनाची गोष्ट सांगायची की नाही? जरूर सांगायची. युनानंतर कोरियात मुलींची रांग लागली. २०२३ च्या जागतिक स्पर्धेत ली हे-इन दुसरी आली. दहा वर्षांनी कोरियन स्त्रीला ते व्यासपीठ पुन्हा मिळालं. समोर कोणी दिसलं की वाट दिसते. पण गोष्ट सांगताना हिशोबासकट सांगायची. वेळ कुणाचा गेला? पैसा कुणाचा? जागा कुणाची होती आणि ती मुलींना कितीला मिळत होती? निर्णय कोण घेत होतं? या चार प्रश्नांची उत्तरं न देता आपण 'जिद्द असली की सगळं जमतं' म्हणतो, तेव्हा जिला जमलं नाही तिला आपण सांगतो, की तुझी जिद्द कमी पडली. मी स्वतः हे वर्षानुवर्षं केलं आहे, म्हणून बोलते.

पुढच्या बैठकीत मी मुलींना हे सगळं सांगितलं. आईची दहा वर्षं, रात्रीचा बर्फ, बूट, सगळं. त्या नववीतल्या मुलीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपल्याला मैदान किती वाजता मिळेल?" मग आम्ही फळ्यावर वेळ मांडला. संध्याकाळी पाच ते सात मैदानावर मुलांचं क्रिकेट. त्याच वेळी मुलींचं पाणी भरणं आणि स्वयंपाक. चार ते पाच मैदान रिकामं, पण पोरींना एकट्या पाठवायला घरचे तयार नाहीत. आयांच्या बचत गटात विषय काढला. बरीच कुरकुर झाली. शेवटी सहा जणी तयार झाल्या. आठवड्यातून दोन दिवस, पाळीपाळीने दोघी मैदानाच्या कडेला बसतात. भाजी निवडायला बरोबर घेऊन येतात.

अजून पंधराच मुली येतात. पाऊस लागला की बंद पडतं. सणाच्या आठवड्यात कोणीच येत नाही. पण अंधार पडायच्या आत खेळून, बरोबरीने घरी परततात. कोण आणतं, हा प्रश्न निदान त्या दोन दिवसांपुरता सुटला आहे. दुपारच्या सत्रात आपापल्या वस्तीचा वेळ असाच फळ्यावर मांडून बघू या, एवढी विनंती करून थांबते.